कल

‘ध्रुवीकरण’ हा शब्द हल्ली वर्तमानपत्र उघडले की डोळ्यांत भरतो. मतांचे ध्रुवीकरण, जातींचे ध्रुवीकरण, आणि आमच्या सीमाभागात भाषेचे ध्रुवीकरण, तेही जवळजवळ सत्तर वर्षे चाललेले. ज्याने तीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवले त्या माझ्यासारख्याला मात्र हा शब्द ऐकला की राजकारण नंतर आठवते. आधी आठवतो तो उजेड. कारण हा शब्द मुळात उजेडाचा आहे. पुढाऱ्यांनी तो नंतर उसना घेतला, आणि उसन्या वस्तूची जशी काळजी घेतली जात नाही तशी त्याचीही कोणी घेतली नाही.

प्रकाश पुढे जातो तेव्हा तो वाटेला आडवा थरथरत जातो. ही थरथर वर-खाली असेल, डावी-उजवी असेल, नाहीतर तिरपी असेल. दिव्याच्या किंवा सूर्याच्या उजेडात या साऱ्या दिशांची सरमिसळ असते आणि कोणतीच एक दिशा वरचढ नसते. तोच उजेड तळ्याच्या पाण्यावरून किंवा ओल्या रस्त्यावरून परतला, की एका दिशेची थरथर जास्त उरते. म्हणजे उजेडाला कल येतो. हा ‘कल’ शब्द मला ‘ध्रुवीकरणा’पेक्षा जवळचा वाटतो. भिंतीला कल येतो, दुपार कलते, पोराचा कल गणिताकडे असतो. आमच्या शेजारच्या कन्नडमध्ये याला ‘ओलवु’ असा एक गोड शब्द आहे. त्याचा अर्थ कल असाही होतो आणि प्रेम असाही. कल असणे हा गुन्हा नव्हे, हे त्या भाषेने एका शब्दातच सांगून टाकले आहे.

मला या लेखात एक प्रश्न विचारायचा आहे. एखाद्या माणसाचा कल अमुक बाजूला आहे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला केव्हा प्राप्त होतो? द्वैभाषिक गावात राहणाऱ्याला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. या प्रश्नाचे मला सापडलेले सर्वांत सावध उत्तर नीतिशास्त्राच्या ग्रंथात नव्हते. ते सापडले आकाशातून येणाऱ्या क्ष-किरणांचा कल मोजणाऱ्या लोकांकडे. म्हणून आधी त्यांची हकिगत सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

अवकाशातून येणारे क्ष-किरण आपले वातावरण अडवते, हे आपले नशीबच म्हणायचे. पण त्यामुळे ते पाहायचे तर वातावरणाच्या वर जावे लागते. १९६२ साली रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अग्निबाणावर उपकरण चढवले आणि सूर्यमालेबाहेरून येणारे क्ष-किरण प्रथमच टिपले. वृश्चिक राशीतला तो स्रोत. त्यानंतर कोणत्या ताऱ्याकडून किती क्ष-किरण येतात, त्यांची ऊर्जा किती, ते केव्हा वाढतात आणि केव्हा घटतात, हे सारे मोजले जाऊ लागले. चौथी गोष्ट, म्हणजे त्यांचा कल, ती मात्र मागे राहिली.

पहिला प्रयत्न अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या रॉबर्ट नोविक यांच्या गटाने केला. १९७१ साली त्यांनी एक अग्निबाण सोडून वृषभ राशीतल्या क्रॅब म्हणजे खेकडा तेजोमेघाकडे पाहिले. १०५४ साली चिनी ज्योतिषांनी आकाशात एक ‘पाहुणा तारा’ नोंदवून ठेवला होता, त्या स्फोट पावलेल्या ताऱ्याचे हे अवशेष. त्याच्या पोटात एक मेलेला तारा सेकंदाला सुमारे ३० वेळा गिरक्या घेतो आहे. अग्निबाण वर गेला की निरीक्षणाला मिळतात जेमतेम चार-पाच मिनिटे. तेवढ्यात कल असल्याचा इशारा मिळाला. मग १९७५ साली ‘ओएसओ-८’ हा उपग्रह गेला आणि त्याने पक्के सांगितले, की खेकड्याच्या क्ष-किरणांना सुमारे १९ टक्के कल आहे. यावरून त्या तेजोमेघात चुंबकीय क्षेत्र आहे आणि त्याभोवती जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन हा उजेड फेकतात, या तर्काला भक्कम आधार मिळाला.

इथून पुढची गोष्ट थांबण्याची आहे. रशियाच्या एका मोठ्या वेधशाळेवर बसवायचे म्हणून कल मोजण्याचे एक यंत्र बांधून तयार झाले. सोव्हिएत संघ कोसळला, योजना रखडली आणि ते यंत्र जमिनीवरच राहिले. १९९९ साली आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांच्या नावाची ‘चंद्रा’ वेधशाळा वर गेली, तिच्यात कल मोजणारे यंत्र नव्हते. नासाने २००९ साली खास याच कामासाठी एक लहान उपग्रह निवडला आणि खर्च वाढतो म्हणून २०१२ साली तो रद्द केला. मोठ्या वेधशाळांचीही बाजू होती. तिथे शेकडो शास्त्रज्ञ रांगेत उभे असतात. ज्या यंत्राला एकाच ताऱ्याकडे कित्येक दिवस टक लावून बसायचे आहे त्याला तेवढा वेळ द्यायचा कोणी?

उत्तर लहान उपग्रहांनी दिले. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी चीनच्या छिंगह्वा विद्यापीठाच्या गटाने ‘पोलारलाइट’ नावाचे उपकरण वर पाठवले. ते साधारण १० सेंटीमीटरच्या चौकोनी डब्यात मावेल एवढे, म्हणजे आपल्या घरातल्या मिसळणाच्या डब्याहून लहान. त्याला खेकड्याकडे पाहण्याखेरीज फारसे दुसरे काम नव्हते, म्हणून ते पाहतच राहिले. मग ९ डिसेंबर २०२१ रोजी अमेरिका आणि इटली यांचा ‘आयएक्सपीई’ गेला, सुमारे ३३० किलो वजनाचा. त्याचे प्रमुख होते मार्टिन वाइसकोफ. १९७१ च्या त्या अग्निबाणाच्या गटात हेच वाइसकोफ तरुण संशोधक म्हणून होते. एका प्रश्नासाठी पन्नास वर्षे! १ जानेवारी २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्या इस्रोचा ‘एक्सपोसॅट’ गेला, ४६९ किलोचा. त्यावरचे ‘पोलिक्स’ हे यंत्र बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेने बांधले आहे. या संस्थेचे संस्थापक चंद्रशेखर वेंकट रामन १९२१ साली बोटीवरून परतताना खिशात निकोलचा लोलक घेऊन बसले होते. कल असलेला परावर्तित उजेड त्या लोलकाने बाजूला काढून समुद्राचा निळा रंग कुठून येतो ते त्यांनी पाहिले. त्याच वारशातले हे काम आहे. त्याआधी २०१५ साली गेलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’वरच्या एका यंत्रानेही खेकड्याच्या अधिक तीव्र क्ष-किरणांचा कल मोजला होता. ते यंत्र बांधण्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची आयुका आणि अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा या साऱ्यांचा हात होता.

हा झाला इतिहास. आता कल मोजतात कसा ते पाहू, कारण माझा मुद्दा तिथेच दडला आहे.

क्ष-किरणाचा एक कण वायूच्या अणूवर आदळला की अणूतून एक इलेक्ट्रॉन बाहेर उडतो. तो कोणत्याही दिशेला उडू शकतो, पण थरथरीच्या दिशेने उडण्याचा संभव अधिक. वायूत त्याची एक मिलिमीटरहूनही लहान अशी वाकडी रेघ उमटते. ‘आयएक्सपीई’ आणि ‘पोलारलाइट’ या रेघेचा फोटो घेतात. ‘पोलिक्स’ची तऱ्हा वेगळी. त्याच्यात मधोमध हलक्या धातूचा ठोकळा आहे, त्यावर आपटून क्ष-किरण कोणत्या बाजूला विखुरतात ते चहूबाजूंनी बसवलेली चार यंत्रे मोजतात.

दोन्ही तऱ्हांत एक गोष्ट समान आहे. एका कणावरून काहीही कळत नाही. शंभर टक्के कल असलेल्या उजेडातला एखादा कणही इलेक्ट्रॉनला तिरप्या दिशेला उडवू शकतो. आणि मुळीच कल नसलेल्या उजेडातला कण योगायोगाने नेमका उत्तरेकडे उडवू शकतो. कल हा गुण एका कणाच्या रेघेत वाचता येत नाही. तो पुष्कळ रेघा एकत्र मांडल्यावरच दिसू लागतो.

याहून सूक्ष्म असा एक फास आहे. नाणे शंभर वेळा उडवले तर छाप नेमका पन्नास वेळा क्वचितच पडतो. कधी त्रेपन्न, कधी सेहेचाळीस. तसेच इथे. उजेडाला कल मुळीच नसला तरी मोजून पाहिलेल्या रेघा सर्व दिशांना तंतोतंत सारख्या कधीच वाटल्या जात नाहीत. कोणती तरी एक दिशा थोडी पुढे असतेच. कलाचे माप शून्याच्या खाली जात नाही, त्यामुळे निव्वळ योगायोगसुद्धा ‘थोडासा कल’ म्हणूनच दिसतो. थोडक्यात, पाहणाऱ्याला कल नेहमीच दिसतो. प्रश्न एवढाच असतो, की जे दिसले ते ताऱ्याचे की योगायोगाचे?

म्हणून या शास्त्रात एक शिस्त आहे. निरीक्षणाला बसण्याआधीच हिशेब करायचा, की इतके कण गोळा केले तर केवळ योगायोगाने जास्तीत जास्त किती कल दिसू शकेल. कल मुळीच नसताना जेवढे माप शंभरात एखाद्याच वेळी ओलांडले जाईल तेवढी मर्यादा आखायची. माप त्या मर्यादेच्या आत राहिले तर ‘कल सापडला’ असे म्हणायचे नाही. एखादे बऱ्यापैकी यंत्र घेतले तर १० टक्के कल पकडायला सुमारे २० हजार कण लागतात. एक टक्का कल पकडायचा तर २० हजारांच्या दसपट पुरत नाहीत, शंभरपट लागतात, म्हणजे सुमारे २० लाख. कल जितका बारीक तितका धीर मोठा, आणि तोही वर्गाच्या प्रमाणात मोठा.

दुसरी शिस्त स्वतःविषयीची आहे. कोणतेही यंत्र संपूर्ण निर्दोष नसते. त्याच्या बांधणीतच एखादा बारीक कल राहून जातो आणि तो कल ते प्रत्येक ताऱ्याच्या माथी मारते. यावर उपाय काय? एक म्हणजे, मुळीच कल नसलेला उजेड यंत्राला आधी जमिनीवरच दाखवायचा आणि ते काय खोटे सांगते ते लिहून ठेवायचे. दुसरा म्हणजे, यंत्र फिरवायचे. ‘एक्सपोसॅट’ आपल्या नजरेच्या रेषेभोवती सावकाश फिरत राहतो. ‘आयएक्सपीई’वर तीन दुर्बिणी आहेत आणि त्यांची तीन यंत्रे एकमेकांशी १२० अंशांचा कोन करून बसवली आहेत. यंत्र फिरले की यंत्राचा दोष यंत्राबरोबर फिरतो. ताऱ्याचा कल आकाशात जिथल्या तिथे राहतो. एवढ्या साध्या युक्तीने दोघे वेगळे होतात.

आता आमच्या गावाकडे येतो.

मी ज्या शाळेत शिकवत होतो तिथे वरच्या मजल्यावर मराठी विभाग होता आणि खाली कन्नड. प्रयोगशाळा मात्र दोघांना मिळून एकच. तिथे टुर्मलीन स्फटिकांची एक जुनी जोडी होती. एकावर एक धरून फिरवली की उजेड जातो, पुन्हा फिरवली की येतो. ही जोडी आठवी-नववीच्या पोरांना आळीपाळीने दाखवायची, एका तासाला मी आणि पुढच्या तासाला कन्नड विभागाचे सर. माणूस मोठा मोकळा. घरी बायको निपाणीकडची, मराठी. “आमच्या घरात भांडण लागलं तर मी कन्नडात रागावतो सर, आणि ती मराठीत. त्यामुळं दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटतं,” असे ते हसून सांगत.

एका वर्षी १ नोव्हेंबरला त्यांची धाकटी मुलगी राज्योत्सवाच्या मिरवणुकीत नाचणार होती. पोरीच्या चपला आणि पाण्याची बाटली हातात घेऊन हे मिरवणुकीच्या कडेने चालत गेले. त्या दिवशी आमची माणसे काळा दिवस पाळत होती. कोणीतरी त्यांना पाहिले. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर निकाल लागला होता: “शेवटी कळलं ना, कुठले ते.” गंमत अशी, की त्याच महिन्यात त्यांच्या बाजूच्या कोणीतरी त्यांना वाचनालयात मराठी दिवाळी अंक चाळताना पाहिले आणि खालच्या मजल्यावरही निकाल लागला, फक्त उलटा. एकच माणूस, दोन्हीकडे एकेकच रेघ पाहिलेली, आणि दोन्ही निकाल काटकोनात! ठामपणा मात्र दोहोंकडे सारखाच.

पुढे प्रयोगशाळेला दोन कुलपे लागली. टुर्मलीनची जोडी कोणाच्या कपाटात ठेवायची यावर बैठक झाली. माझा आणि त्यांचा चहा चालूच राहिला, पण शाळेत त्यांचे मन लागेना. दोन वर्षांनी त्यांनी बदली मागून घेतली आणि गदगकडे गेले. निरोपाला मी स्टँडवर गेलो होतो. गाडी सुटताना ते म्हणाले, “सर, मला कुणी विचारलंच नाही बघा. दोन्हीकडच्यांनी परस्परच ठरवलं.”

त्यांना कलच नव्हता असे मी म्हणत नाही. ज्याने आईच्या तोंडून कन्नड ऐकले त्याला त्या भाषेचा ओढा असणारच, आणि असावा. माझाही कल मराठीकडे आहे, तो मी लपवत नाही. पण त्यांचा कल किती होता, कोणत्या बाबतीत होता, आणि आमच्याशी वागताना तो त्यांच्या हातून कधी खरोखर आडवा आला होता का, हे कोणी मोजलेच नव्हते. त्यांच्यासोबत वर्षानुवर्षे एकाच टेबलावर काम झाले होते. हजारो रेघा हाताशी होत्या. त्या बाजूला ठेवून एका दुपारची एक रेघ उचलली गेली.

या प्रसंगाचा विचार करताना मला यंत्र फिरवण्याची युक्ती फार मोलाची वाटते. दुसऱ्याविषयी मत बनवताना आपण स्वतःला फिरवून पाहावे. मुलीच्या चपला घेऊन चालणारा बाप आपल्या भाषेचा असता आणि मिरवणूक आपली असती, तर आपण याच कृत्याला काय म्हटले असते? ‘मायाळू बाप’ म्हटले असते. तेव्हा तो ‘त्यांचा’ आहे हा निष्कर्ष आपण फिरलो की आपल्याबरोबर फिरतो. जो कल पाहणाऱ्याबरोबर फिरतो तो पाहणाऱ्याचा असतो. फिरवूनही जो जागचा हलत नाही तोच समोरच्याचा. यापेक्षा सोपी कसोटी मला माहीत नाही, आणि यापेक्षा अवघडही नाही, कारण तारे पाहणारे यंत्र मोटरने फिरते, मनाला तशी मोटर नाही.

आणखी एक गोष्ट ही यंत्रे शिकवतात. शर्मिष्ठा तारकासमूहात ‘कॅसिओपिया ए’ नावाचे एका फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष आहेत. ‘आयएक्सपीई’ने सर्वप्रथम तिकडेच पाहिले. तिथला कल अवघे काही टक्के निघाला. चुंबकीय क्षेत्र नीट एका दिशेला लागलेले असते तर तो साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि वेला पल्सारच्या भोवती काही ठिकाणी तो खरोखर साठाच्या वर सापडला. मग कॅसिओपियात कल नाही का? आहे. पण तिथले क्षेत्र इतके गुंतलेले आहे, की निरनिराळ्या तुकड्यांचे निरनिराळे कल बेरजेत एकमेकांना खोडून टाकतात. आमच्या गल्लीचेही तसेच आहे. बाहेरून आलेला माणूस म्हणतो, इथे सारे मिसळून आहे, कोणाला काही वाटत नाही. वाटते, पुष्कळ वाटते. पण दर घराला वेगळे वाटते. बेरीज शून्य आली म्हणजे घरे रिकामी आहेत असे नव्हे.

त्याच शर्मिष्ठेत प्रचंड चुंबकत्व असलेला एक मृत तारा आहे, ‘४यू ०१४२+६१’ असे त्याचे रूक्ष नाव. २०२२ साली त्याच्याकडे पाहिले तेव्हा कमी ऊर्जेच्या किरणांना सुमारे १५ टक्के कल दिसला, मधल्या ऊर्जेला तो जवळजवळ नाहीसा झाला आणि जास्त ऊर्जेला सुमारे ३५ टक्के दिसला, पण ९० अंशांनी वळलेला! म्हणजे तोच तारा एका बाबतीत इकडे आणि दुसऱ्या बाबतीत बरोबर आडवा. कानडी गाणे आवडणारा, मराठी नाटकाला रांग लावणारा, पोराला इंग्रजी शाळेत घालणारा आणि सीमाप्रश्नावर मात्र हट्टाने एक बाजू घेणारा माणूस आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. ‘तो कुठला?’ या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर मागणे म्हणजे या साऱ्याची सरासरी मागणे. सरासरी निघतेही, पण तिच्यात तो माणूस उरत नाही.

इथे सुजाण वाचक हरकत घेईल, आणि ती घ्यायलाच हवी. तारे लाखो वर्षे तिथेच असतात, वाट पाहायला कोणाचे काय जाते? माणसांच्या जगात उद्याच मत द्यायचे असते, परवा मुलीचे लग्न ठरवायचे असते. २० लाख रेघा कोण गोळा करणार? शिवाय ‘अजून पुरावा आणा’ हे वाक्य नेहमी बलवानाच्याच सोयीचे ठरते. आम्हा सीमाभागातल्यांना हे सांगायला नको. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. दोन पिढ्या वाट पाहण्यात संपल्या. ज्याच्यावर अन्याय होतो त्याला धीराचा उपदेश करणे हे पुण्यकर्म नव्हे.

ही हरकत मला मान्य आहे, पण ती दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करते. कृत्य वेगळे आणि कल वेगळा. एखादा अन्यायाचा हुकूम निघाला, एखादी पाटी पुसली गेली, एखाद्या मुलाला त्याच्या भाषेवरून वर्गात हिणवले गेले, तर ते घडलेले कृत्य आहे. त्याला विरोध करायला कोणाच्या अंतःकरणाचा कोन मोजायची गरज नाही. त्याच दिवशी, त्याच जागी करावा. ‘हा माणूसच तसला आहे’ हे मात्र एका कृत्यावरून पुढे मारलेली उडी आहे, आणि धीराची अट त्या उडीला लागू होते. आपण बहुधा नेमके उलटे करतो. कृत्याला विरोध करायचा धीर होत नाही, म्हणून माणसाला नाव ठेवून मोकळे होतो.

ताऱ्यात आणि माणसात एक मोठा फरकही आहे आणि तो आपली जबाबदारी वाढवणारा आहे. ताऱ्याला आपण कललेला म्हटले तर तो अधिक कलत नाही. माणूस कलतो. दोन्ही बाजूंच्या ओसरीवर बसणाऱ्याला ‘तू त्यांचा’ असे चारदा ऐकवले, तर पाचव्या वेळी तो उठून खरोखर तिकडे जाऊन बसतो, आणि आपण म्हणतो, बघा, आमचे मोजमाप बरोबर होते! आकाशातल्या मोजमापाला ही सोय नाही. गावातल्या मोजमापाला आहे, म्हणून गावात मर्यादेची रेघ आकाशापेक्षा वरच आखायला हवी.

मग बोलायचेच नाही का? तसेही नाही. पुरेसे कण जमले नाहीत तरी हे शास्त्रज्ञ गप्प बसत नाहीत. ते म्हणतात, ‘कल असलाच तर तो अमुक टक्क्यांपेक्षा जास्त नाही.’ हे वाक्य मला फार सभ्य वाटते. त्यात खोटे काही नाही, आणि जेवढे कळले तेवढे सगळे आहे. मघाच्या त्या चिमुकल्या ‘पोलारलाइट’चीच गोष्ट घ्या. २३ जुलै २०१९ रोजी खेकड्यातल्या ताऱ्याची गिरकी एकाएकी किंचित वेगावली आणि त्यानंतर त्याचा कल कमी झाल्यासारखा दिसला. पुढे तो पूर्ववत झाला. केवढी बातमी! तरी २०२० साली निबंध प्रसिद्ध करताना त्या मंडळींनी या बदलापुढे शीर्षकातच ‘संभाव्य’ हा शब्द लावला. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते दिसत असताना ‘संभाव्य’ म्हणणे, याला मी चारित्र्य म्हणतो. आपल्याकडे हा शब्द कमकुवतपणाचा समजतात. जो ठामपणे बोलतो तो पुढारी, जो ‘बहुधा’ म्हणतो तो भित्रा. पण ज्याने मोजले आहे त्यालाच ‘बहुधा’ म्हणता येते. न मोजणाऱ्याला त्याची गरजच पडत नाही.

या लहान उपग्रहांनी मला आणखी एक दिलासा दिला. मोठ्या वेधशाळांना शंभर कामे होती म्हणून जी गोष्ट चाळीस वर्षे राहून गेली ती मिसळणाच्या डब्याएवढ्या यंत्राने पुन्हा हाती घेतली, कारण त्याला एकाच ठिकाणी टक लावून बसायला वेळ होता. माणसांच्या बाबतीतही सरकारे, आयोग, न्यायालये ही मोठी यंत्रे आपापल्या गतीने चालतील. शेजाऱ्याला नीट पाहण्याचे काम ती करणार नाहीत. ते तुम्हा-आम्हालाच जमण्यासारखे आहे, कारण समोरच्या दारातला माणूस वर्षातले ३६५ दिवस आपल्या नजरेसमोर असतो. त्याच्या हजारो रेघा आपल्याकडे फुकट जमा होत असतात. आपण त्या मोजायला घेत नाही, एवढेच.

दिवाळी आणि १ नोव्हेंबर आमच्याकडे दरसाल मागेपुढेच येतात. एका हातात फराळाचे ताट असते आणि दुसरीकडे कोणी तरी सांगत असते, की अमका त्यांच्यातला, तमका आतून फुटलेला. अशा वेळी वाद घालू नये, भाषणही देऊ नये. करंजी पुढे करावी आणि सहज विचारावे, “किती वेळा पाहिलंस रे?”